गोल्फमध्ये वर्षभर स्कोअर (१८ होलचे एकूण फटके) १०८ च्या आसपासच अडकलाय, ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) बॉल सारखा उजवीकडे जातो. १०० च्या आत कसा येऊ?

आधी हिशोब बघा, पार ७२ च्या (म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर १०८ म्हणजे प्रत्येक होलला डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त), आणि ९९ साठी फक्त ९ होलला बोगी (एक फटका जास्त) पुरते, बाकीच्या ९ ला डबल चालते! म्हणजे पार मारायची गरजच नाही, हे डोक्यात बसलं की निम्मं टेन्शन जातं.

उजवीकडे वळणारा बॉल म्हणजे स्लाइस, क्लब (स्टिक) बाहेरून आत येतो आणि फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) त्या मानाने उघडा राहतो. बरेच जण मग डावीकडे निशाणा धरतात, मीही महिनोन्महिने तेच केलं, त्याने स्लाइस अजून वाढतो. ग्रिप बघा आधी, उजव्या हाताने खेळत असाल तर वरून बघताना डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन-तीन गाठी दिसायला हव्यात, एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवा. पहिले आठ-दहा दिवस विचित्र वाटेल, वाटू द्या.

आणि तोवर अरुंद होलला ड्रायव्हर बॅगेतच ठेवा, हायब्रिड नाहीतर ७ नंबर आयर्न (ड्रायव्हरपेक्षा कमी लांब जाणारे, पण सांभाळायला सोपे क्लब) घ्या. बॉल आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला की एक पेनल्टी फटका आणि परत तिथूनच मारायचं, म्हणजे टीवरूनच (होल सुरू करायच्या जागेवरूनच) तिसरा फटका, होल तिथेच गेलं.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) १०० बॉल बडवण्यापेक्षा निम्मा वेळ चिपिंग-पटिंगला (होलजवळचे छोटे उचललेले फटके आणि बॉल घरंगळवत होलमध्ये घालायचे फटके) द्या. ३०-४० फुटांवरून पहिल्याच पटिंगच्या फटक्यात बॉल होलच्या जवळ आणायचा, बस, एका होलला पटिंगचे तीन फटके लागणं थांबलं की चार-पाच फटके आपोआप कमी होतात. नवीन ड्रायव्हर मात्र एवढ्यात घेऊ नका हो.