एलएसला दिसते, फाइंडला नाही: ईएक्सईचा घोळ

तुमचे प्रश्न दोन आहेत. सिग्विनमध्ये (विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणाऱ्या संचात) नीट चालणारी मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा ते मेकला सांगणारी फाइल) मिनजीडब्ल्यूच्या (विंडोजसाठीच्या कंपायलर-साधनांच्या संचाच्या) मेकने चालवली की काहीही न बदलता दरवेळी लिंकिंग (तुकडे जोडून चालवायची फाइल बनवणं) पुन्हा होतं. आणि सिग्विनमध्ये 'एलएस हिशेब' म्हटलं (एलएस म्हणजे फाइली दाखवणारी आज्ञा, हिशेब हा तुमचा प्रोग्राम) की फाइल दिसते, पण फाइंड या शोधणाऱ्या आज्ञेला त्या नावाची फाइल सापडत नाही. दोन्हींचं मूळ एकच. कंपायलर काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका, त्याची काही चूक नाही.

युनिक्समध्ये फाइल चालवता येते की नाही हे नावावरून ठरत नाही. कर्नल (प्रणालीचा गाभा) परवानगीचा बिट बघतो आणि फाइलचे सुरुवातीचे बाइट बघतो, बस. विंडोजमध्ये डॉसच्या काळापासून नावाला '.ईएक्सई'सारखं शेपूट लागतं. म्हणून जीसीसी या कंपायलरला आउटपुटचं नाव 'हिशेब' सांगितलंत तरी विंडोजवर तो हिशेब.ईएक्सई तयार करतो. (नावात आधीच एखादं टिंब असेल तर मात्र जोडत नाही. 'हिशेब-1.2' असं नाव ठेवणाऱ्यांची यात हमखास फसगत होते.)

आता सिग्विनची हुशारी बघा. एखाद्या प्रोग्रामने 'हिशेब'साठी स्टॅट कॉल केला (म्हणजे फाइलची माहिती मागितली) आणि ती फाइल नसली, तर सिग्विन गुपचूप हिशेब.ईएक्सई शोधतं आणि तिचीच माहिती देतं. एलएस नाव घेऊन विचारतो, म्हणून त्याला 'हिशेब' दिसते. फाइंड डिरेक्टरी वाचत जातो, तिथे खरं नाव हिशेब.ईएक्सई आहे, म्हणून नुसतं 'हिशेब' जुळत नाही. 'एलएस हिशेब*' करून बघा, लगेच शेपटासकट नाव येईल.

खरी गंमत हिशेब नावाची शेल स्क्रिप्ट आणि हिशेब.ईएक्सई शेजारी असतात तेव्हा होते. 'आरएम हिशेब' (आरएम म्हणजे फाइल पुसण्याची आज्ञा) केलंत की स्क्रिप्ट उडते. पुन्हा 'एलएस हिशेब' केलंत तर फाइल अजून तिथेच! ती आता ईएक्सई असते. पुन्हा आरएम केलंत तर तीही जाते. शंका आली तर आधी 'एलएस -आय' करून दोन्ही नावांचे आयनोड नंबर (फाइलींचे अंतर्गत क्रमांक) ताडून बघा. चालवताना स्क्रिप्टला मान आधी मिळतो. सिग्विन 1.5.19 पर्यंत हे बरोबर उलट होतं, त्यामुळे जुन्या चर्चांमधला सल्ला वाचताना जपून.

मिनजीडब्ल्यूचा मेक हा शुद्ध विंडोज प्रोग्राम, त्याच्यामागे असं सांभाळून घेणारं कोणी नाही. टार्गेट (मेकने बनवायची फाइल) 'हिशेब', डिस्कवर हिशेब.ईएक्सई, म्हणजे त्याच्या लेखी टार्गेट तयारच झालेलं नाही. म्हणून तो दरवेळी लिंक करतो. सिग्विनमध्ये चाललं होतं ते मेकफाइल बरोबर होती म्हणून नव्हे.

उपाय साधा आहे. मेकफाइलमध्ये 'ओएस' हे व्हेरिएबल 'विंडोज_एनटी' आहे का ते तपासा, असेल तर एका व्हेरिएबलमध्ये '.ईएक्सई' ठेवा, नाहीतर ते रिकामं सोडा. मग टार्गेट, आउटपुटचं नाव, क्लीनचा (तयार फाइली पुसण्याचा) नियम, सगळीकडे तेच व्हेरिएबल नावामागे लावा. एकही जागा सोडू नका. ऑटोमेक (मेकफाइल तयार करून देणारं साधन) वापरत असाल तर 'ईएक्सईईएक्सटी' हे व्हेरिएबल याच कामासाठी आहे. सिग्विन असं नाव बिनतक्रार स्वीकारतं, आणि लिनक्सवर व्हेरिएबल रिकामं असल्याने तिथे काहीच बदलत नाही.

गिटइग्नोअरही (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) तपासा. गिट डिरेक्टरी वाचतो, त्यामुळे तिथे नुसतं 'हिशेब' लिहिलेलं असेल तर ईएक्सई कधीतरी कमिटमध्ये जाणार.

एवढं करूनही लिंकिंग थांबलं नाही तर मेकला '-डी' (सविस्तर तपशील छापायचा पर्याय) देऊन चालवा आणि टार्गेट अस्तित्वात नाही असं तो ज्या ओळीत म्हणतो, ती ओळ इथे टाका.