भुसावळहून प्रश्न: 40 मिमीचा स्पीकर छोट्या डब्यात बसवला, तरी आवाज पत्र्यासारखा का येतो?

बहुतेक डब्याला फट आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून तेवढीच ओढतो. फटीतून पुढची नि मागची लाट भेटली, की एकमेकींना खोडतात आणि खर्ज संपला. 100 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा नि पंखा बंद करून कडेकडेने उदबत्ती फिरवा. धूर थरथरेल तिथे गळती. वायरीचं भोक आधी बघा, चोर बहुधा तिथेच असतो. न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन वायरीतलं तांबं खातं, आणि हॉट ग्लू खान्देशातल्या मे महिन्यात बंद गाडीत मऊ पडतो. मात्र ढोलाचा दणका मागू नका: सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि इतक्या लहान पडद्याला तेवढी जागाच नसते.