अमेरिकेची राज्यघटना कशी घडली, हे शाळेतल्या मुलांना कसं शिकवावं?
कलमांपासून सुरुवात करू नका, मुलं जांभया देऊ लागतात. आधी अडचण मांडा. ब्रिटनपासून सुटलेल्या 13 राज्यांच्या केंद्रीय काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. पैशासाठी राज्यांपुढे हात पसरावे लागत. त्यात 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले.

मग वर्गाचंच 1787 चं फिलाडेल्फिया करा, म्हणजे राज्यांचे प्रतिनिधी राज्यघटना ठरवायला जिथे जमले ती सभा. एक गट मोठं व्हर्जिनिया, दुसरा चिमुकलं डेलावेअर. प्रश्न एकच: संसदेत जागा लोकसंख्येनुसार, की सगळ्यांना सारख्या? उत्तर आधी फोडू नका, भांडू द्या. घसे बसले की दोन सभागृहांची तडजोड (एकात जागा लोकसंख्येनुसार, दुसऱ्यात सगळ्यांना सारख्या) बहुधा कुणीतरी स्वतःच सुचवतं. (ऱ्होड आयलंडला कोपऱ्यात बसवा. त्यांनी प्रतिनिधीच पाठवले नव्हते!)

गुलामांचा मुद्दा मात्र गाळू नका. त्यांना मत नव्हतं, तरी त्यांच्या संख्येचा तीन-पंचमांश हिस्सा लोकसंख्येत धरला गेला आणि दक्षिणेच्या जागा वाढल्या. मुलं इथे चिडून प्रश्न विचारतात. त्यासाठी अख्खा तास ठेवा. मंजुरीचा भाग झटपट उरका: 9 राज्यांची संमती पुरेशी होती, आणि नागरिकांच्या हक्कांच्या पहिल्या 10 दुरुस्त्या 1791 मध्ये आल्या.