फिजिक्स करून उपकरणं बनवण्याकडे वळलं, तर खरं फिजिक्स हातून सुटतं का?

तुम्ही एमएस्सीला आहात आणि विचारताय, की पदार्थ तपासायची उपकरणं बनवण्याच्या कामात पुढे नुसते नट-बोल्टच नशिबी येतात का. मी बावीस वर्षं हेच करतोय. नट-बोल्ट येतात, आणि फिजिक्स तिथेच सुरू होतं.

माझं काम फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोमीटरवर. नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची आणि त्यावरून ते अणूत किती ऊर्जेने बांधलेले होते ते काढायचं. या बंधन-ऊर्जेच्या आलेखात शुद्ध सिलिकॉनचं एक शिखर 99 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतं. त्यालाच ऑक्सिजन चिकटला की ते 103 च्या पुढे सरकतं. म्हणजे मूलद्रव्य कोणतं हे तर कळतंच, ते कुणाशी जोडलं गेलंय हेही कळतं. स्वीडनमध्ये उप्सालाला काई सीगबान यांच्या गटाने यंत्र तेवढं बारीक मोजेल असं बांधलं, तेव्हा हा सरकाव दिसला. 1981 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

पण ही माहिती वरच्या काही नॅनोमीटरचीच असते. नमुना ठेवतो त्या निर्वात चेंबरमधला दाब वातावरणाच्या एक अब्जांशावर आणला, तरी स्वच्छ पृष्ठभागावर काही सेकंदांत वायूचा थर बसू शकतो. म्हणून आणखी निदान हजारपट खाली जावं लागतं.

सुरुवातीच्या काळात एकदा आमचा दाब अकरा दिवस एकाच आकड्यावर अडून होता. प्रत्येक जोडावर हेलियम फवारून पाहिला, गळती कुठेच नाही. वर्कशॉपमधल्या फिटरकाकांनी एवढंच विचारलं, "सर, आतली दांडी बसवताना हातमोजे घातले होते ना?" घातले नव्हते. माझ्या बोटांचं तेल आत हळूहळू उडत होतं. सगळं उघडलं, दांडी आधी अ‍ॅसिटोनमध्ये, मग अल्कोहोलमध्ये धुतली, जोड हवाबंद करणारी तांब्याची नवी गॅस्केट घातली (एकदा दाबलेली परत चालत नाही), बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले आणि चेंबर दोन दिवस दीडशे अंशांवर भाजला. तिसऱ्या दिवशी आकडा खाली गेला.

त्या अकरा दिवसांत बाष्पदाब मला जितका समजला, तितका वर्गात कधी समजला नव्हता.

जमलं तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातली इंडस-2 ही सिंक्रोट्रॉन यंत्रणा (वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवणारी) आणि तिच्या बीमलाइन, म्हणजे ते किरण प्रयोगांपर्यंत नेणारे मार्ग, पाहून या. प्रोजेक्टसाठी जागा निवडताना मात्र आधी एक चौकशी करा: तिथे वर्कशॉप आहे का, आणि विद्यार्थ्याला लेथवर उभं राहू देतात का?