डावा डोळा लवतो म्हणून बोटॉक्स घ्यावं का?

तुम्ही विचारलंय: आईचा (वय ५४) डावा डोळा दीड वर्ष फडफडतोय, आता गालही ओढला जातो. न्यूरॉलॉजिस्टनी बोटॉक्स सांगितलंय, पण ते विष असतं म्हणे. द्यावं का?

द्या. मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं घेतेय.

माझाही डावाच. बायकांचा डावा डोळा लवणं शुभ, त्यामुळे सुरुवातीला सासूबाई खूश होत्या. मग गाल, मग ओठाचा कोपरा. तेव्हा मी बँकेत कॅश काउंटरला होते. नोटा मोजताना डोळा मिटायचा आणि समोरच्याला वाटायचं, बाई डोळा मारतेय. एका आजोबांनी तर पासबुक उचलून शेजारची खिडकी गाठली. एका डॉक्टरांनी आठ महिने बी-ट्वेल्व्ह दिलं.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी हातात आरसा दिला. "डोळा मिटेल तेव्हा भुवई बघा." एरवी डोळा घट्ट मिटला की भुवई खाली येते, माझी वर जात होती. मुद्दाम करून बघा, जमत नाही. याला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. चेहऱ्याची नस मेंदूतून बाहेर पडते तिथं बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिला दाबत असते, मग नस आपली आपणच आचके देत सुटते. झोपेतसुद्धा. एमआरआय झाला नसेल तर आधी करा, क्वचित गाठही निघते. दोन्ही डोळे मिटत असतील तर तो ब्लेफरोस्पाझम, प्रकरण वेगळं. (आणि नुसती खालची पापणी चार दिवस उडणं म्हणजे बहुधा जागरण आणि चहा.)

बोटॉक्स हे एका जंतूचं विष आहे हे खरंच, अगदी थोडं टोचलं की ओढणारा स्नायू ढिला पडतो. पण सुरकुत्यांच्या आधी ते डोळ्यांसाठीच आलं. अ‍ॅलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी तिरळेपणावर वापरलं, १९८९ मध्ये तिकडे मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. सुरकुत्यांचा नंबर २००२ मध्ये लागला. बाटली १०० युनिटची येते, मला २० च्या आसपास पुरतात. आमच्याकडे तीन-चार पेशंटना एकाच दिवशी बोलावतात, म्हणजे बाटलीचा खर्च वाटला जातो. तुमच्याकडेही विचारा, लाजू नका.

सुई इन्सुलिनसारखी बारीक, पाच-सहा ठिकाणी टोचतात. डोळ्याखालची झोंबते. त्या दिवशी काहीच फरक पडत नाही, आईंना तसं आधीच सांगून ठेवा. मला चार-पाच दिवसांनी आराम पडतो, तो तीन-साडेतीन महिने टिकतो. मग पुन्हा सुया. एकदा पापणी तीन आठवडे अर्धी मिटलेली राहिली, हसताना तोंड जरा वाकडं होतं, डोळा कोरडा पडला की थेंब घालते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल तर आधी सांगा. गोळ्यांनी, म्हणजे कार्बामाझेपिन या फिटच्या औषधानं, मला फक्त झोप आली.

कायमचा इलाज ऑपरेशन. कानामागून कवटी उघडून नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. बहुतेकांचं थांबतं, पण त्या कानानं ऐकू येणं जायचा धोका असतो. मी भजनी मंडळात पेटी वाजवते, मला कान द्यायचा नव्हता. तुमच्या आईंचं गणित वेगळं असू शकतं. न्यूरोसर्जनना जरूर भेटा, पण पहिली सुई त्यासाठी अडवून ठेवू नका.

आणि जाताना मोबाइलवर आचक्याचा व्हिडिओ घेऊन जा. डॉक्टरांसमोर बसलं की हा डोळा नेमका शहाण्यासारखा वागतो.