वाचकांचे प्रश्न : मुरगळलेला घोटा आणि रंगीत पट्टी

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. महिन्यापूर्वी चढाई करताना त्याचा उजवा घोटा मुरगळला. सूज उतरली आहे, पण झटकन वळताना अजून दुखते. दोन आठवड्यांनी स्पर्धा आहे. घोट्याला निळी लवचीक पट्टी लावून त्याला उतरवू, त्याने खेळही सुधारतो, असे प्रशिक्षक म्हणतात. हे कितपत खरे आहे? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : घोटा पुन्हा मुरगळू न देण्याचे काम ही पट्टी करू शकत नाही. जपानमधील केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात ती तयार केली, ती मुळात हालचालीला अडथळा होऊ नये म्हणूनच. सुती कापडात लवचीक धागे असल्यामुळे ती लांबीच्या दिशेने सुमारे दीडपट ताणली जाते. घोटा मुरगळतो तेव्हा पाऊल क्षणार्धात आत वळते आणि बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. अशा वेळी स्वतःच ताणली जाणारी पट्टी पावलाला कशी रोखणार? पांढरी, न ताणली जाणारी चिकटपट्टी किंवा नाडीने आवळायचा घोट्याचा पट्टा यांचा उपयोग मात्र चांगला सिद्ध झालेला आहे, विशेषतः ज्यांचा घोटा एकदा मुरगळला आहे त्यांच्या बाबतीत. पांढरी पट्टी खेळता खेळता घामाने सैल पडते, तर पट्टा मध्यंतरात पुन्हा आवळता येतो, म्हणून मी पट्ट्याला पसंती देईन. धातू किंवा कठीण प्लास्टिक नसलेला पट्टा घ्यावा आणि तो चालेल का, हे पंचांना आधीच विचारावे.

मग रंगीत पट्टीने बरे का वाटते? त्वचेला मिळणाऱ्या सततच्या स्पर्शामुळे वेदनेची जाणीव थोडी बोथट होते, असे मानले जाते. हा आराम खोटा नसतो, परंतु बहुधा अल्प आणि तात्पुरता असतो. ताण न देता नुसती चिकटवलेली पट्टी आणि पद्धतशीर लावलेली पट्टी यांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्यांत फारसा फरक आढळलेला नाही. स्नायूंची ताकद किंवा उडी वाढते, या दाव्यालाही भक्कम आधार मिळालेला नाही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावरील काळी पट्टी जगभर दिसली आणि तिथून मागणी वाढली. वॉल्शने सुवर्णपदक जिंकले हे खरेच, पण ते श्रेय पट्टीला देण्याचे कारण नाही.

आपल्या मुलाच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती या तात्पुरत्या आरामाची. पट्टीने दुखणे थोडे कमी झाले, की घोटा बरा झाल्याचा समज होतो, आणि कबड्डीत तर पकड करणारा नेमका घोट्यावरच झडप घालतो. त्यामुळे उतरायचे की नाही, हे पट्टी न लावता ठरवावे. त्या एका पायावर तोल सांभाळून उभे राहणे, टाच उचलणे, उड्या मारणे आणि शेवटी पूर्ण वेगाने नागमोडी धावून दिशा बदलणे हे सर्व न दुखता, दुसऱ्या पायाइतक्याच विश्वासाने जमले, तरच त्याने मॅटवर जावे. तोल आणि पिंडरीची ताकद वाढवणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करून घ्यावेत. घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल आणि एक्स-रे काढलेला नसेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : धावताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते म्हणून मी ही पट्टी लावते. आराम पडतो, पण कडेची त्वचा लाल होऊन खाजते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा पट्टीची टोके ताणून चिकटवल्यामुळे असे होते. दोन्ही टोके अजिबात न ताणता लावावीत, कोपरे गोल कापावेत आणि त्वचा कोरडी व तेलविरहित असावी. धावण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी लावून हाताने चोळल्यास उष्णतेने ती नीट चिकटते. काढताना तेल लावून, केसांच्या दिशेने हळूहळू काढावी. ओढून काढू नये. हे करूनही पट्टीखालची सगळी जागा खाजत असेल किंवा फोड येत असतील, तर ती चिकट द्रव्याची अॅलर्जी असू शकते, तेव्हा वापर थांबवावा. जखमेवर किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्याची शंका असताना ही पट्टी लावू नये. वाटीभोवतीच्या दुखण्यावर मांडी आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम हा मुख्य उपचार आहे. ते करताना दुखू नये एवढ्यापुरती पट्टी ठेवण्यास हरकत नाही.