बाबांनी दारू सोडली, माझ्या पोटाला अजून सोडवत नाही

"ताई, मी 25 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. लहानपणी बाबा खूप प्यायचे. गाडी स्टँडला लावण्याच्या आवाजावरून मला कळायचं, आज ताट भिरकावलं जाणार की नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली, आता घरी सगळं ठीक आहे. पण माझं पोट कायम बिघडलेलं, छातीत धडधड, रात्री तीनला जाग. रूममेटने दाराला किल्ली लावली तरी मुरडा येतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आई म्हणते, तेव्हा ठणठणीत होतीस, आता कसली दुखणी काढतेस? नेटवर बालपणाची ती दहा प्रश्नांची चाचणी केली, पाचांचं उत्तर 'हो' आलं. मी नाटक करतेय, की लवकर मरणार आहे?"

दोन्ही नाही गं.

ताटाचा अंदाज स्टँडच्या आवाजावरून बांधणारी ती पोर रोज रात्री पहाऱ्यावर होती. धोक्याची चाहूल लागली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात. ठोके पळतात, पचन मंदावतं, झोप उडते. कधीमधी झालं तर कामाचंच आहे हे. वर्षानुवर्षं झालं की अंगवळणी पडतं. बाबांनी दारू सोडली हे तुझ्या डोक्याला कळलंय, पोटाला अजून कोणी सांगितलेलं नाही. आणि तेव्हा ठणठणीत होतीस म्हणजे काय, तर आजारी पडायला त्या घरात जागाच नव्हती.

आता ते पाच. ही चाचणी आली अमेरिकेतून. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सॅन दिएगोत हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं आणि 1998 साली निष्कर्ष छापले. मारहाण, घरातलं व्यसन, आईवर हात उचलला जाणं अशा गोष्टी जितक्या जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकाराचं प्रमाण जास्त. तुझ्यासारखीच बरी परिस्थिती असलेली, विमा असलेली माणसं होती ती. पण हा हिशोब समूहाचा. एकेका माणसाचं भविष्य सांगायला तो आकडा वापरू नका, असं पुढे खुद्द अँडांनीच बजावलं. कुंडली बघावी तसा तो बघत बसू नकोस.

शिवाय त्या दहा प्रश्नांत शेजारच्या काकू नाहीत. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तू ओझरतं लिहिलंयस, फार झालं की दप्तर घेऊन त्यांच्याकडे झोपायला जायचीस, त्या काही विचारायच्या नाहीत, फक्त गादी घालायच्या. हवाई बेटांतल्या काउआईवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. फार खडतर परिस्थितीतली साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसलं ते हेच: भरवशाचं एखादं मोठं माणूस. काकूंना एकदा फोन कर.

आता कामाचं बोलू. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मनानेच चालू ठेवल्या असतील तर डॉक्टरांना विचार, आणि या वेळी बालपणाचंही सांग. रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठ. पहिल्या भेटीतच विचार, अशा आघातांवर काम केलंय का? पटलं नाही तर खुशाल दुसरा शोध. खर्च झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कधी जगणंच नकोसं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तो लाव. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात; 'आमच्याकडेही स्टँडचाच आवाज' म्हणणारं कुणीतरी तिथे भेटेल.

आणि आज रात्रीपासूनच रूममेटला सांग, किल्ली लावायच्या आधी बाहेरून हाक मारत जा. कारण सांगायलाच हवं असं नाही.

राहिली आई. तिच्याशी वाद घालू नकोस. त्या रात्री तीही त्याच घरात तोच आवाज ऐकत होती. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा भाजी निवडता निवडता विचार, "आई, तुला झोप लागते का गं?" काय म्हणाली ते मला कळव.